आधी देवाचा वाटा




आपल्या घराघरांत देवाचे नाव घेतले जाते. मुलगा परीक्षेला निघाला की आई त्याला मेझुजाला हात लावून तो हात ओठांना लावायला सांगते. घरात कोणी आजारी पडले की एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिद्याचा नवस बोलला जातो, आणि माणूस बरा झाला की तो नवस न चुकता फेडला जातो. लग्न असो, बाळाची सुंता असो, नवे घर असो, देवाचे आभार मानल्याशिवाय आपण पुढे जात नाही. तेव्हा आपल्या जमातीत श्रद्धा उरली नाही असे कोणालाही म्हणता येणार नाही.

तरीसुद्धा एक प्रश्न आपण स्वतःला विचारावा. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत आपण जी जी कामे करतो ती एका कागदावर क्रमाने लिहून काढली, तर त्या यादीत देवाचा नंबर कितवा लागेल? मोबाइलवरचे निरोप पाहून झाले, बातम्या ऐकून झाल्या, चहा झाला, कामावर जाऊन आलो, बाजार झाला, टीव्हीवरची मालिका झाली, आणि मग डोळ्यांवर झोप येत असताना देवाची आठवण झाली तर झाली. आपण देवाला नाकारलेले नसते. त्याला आपण रांगेत मागे उभे केलेले असते, एवढेच. या बाबतीत पवित्र तोरा आपणांस काय शिकवते याचा आज थोडा विचार करू.

मी निवृत्त शिक्षक. इथे येण्यापूर्वी माझे शिक्षण मराठी शाळेत झाले आणि पुढे आयुष्य मुलांना गणित शिकवण्यात गेले. माझ्या वयाच्या वाचकांना 'कंचेभागुबेव' हा शब्द अजून आठवत असेल. आधी कंस, मग 'चे', मग भागाकार, गुणाकार, बेरीज आणि शेवटी वजाबाकी. दोन अधिक तीन गुणिले चार, हे उदाहरण घ्या. आधी गुणाकार केला तर उत्तर १४ येते. ज्याने घाईने आधी बेरीज केली त्याचे उत्तर २० येते. आकडे तेच, चिन्हे तीच, मेहनतही सारखीच. क्रम चुकला म्हणून उत्तर चुकले. आपल्या दिवसाचेही असेच आहे. भल्या माणसाच्या आणि बेफिकीर माणसाच्या दिवसात तास चोवीसच असतात. दोघेही खातात, कमावतात, मुलांना वाढवतात. फरक पडतो तो क्रमात.

आता तोरेत पाहा. देवाने आपल्याकडे मागितले तरी किती? गणना या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात आज्ञा आहे की देशात आल्यावर तिथली भाकर खाताना कणकेचा पहिला भाग परमेश्वरासाठी वेगळा काढावा. यालाच आपण हाल्ला म्हणतो. हा भाग किती असावा हे तोरेने सांगितले नाही; ते आपल्या हाखामांनी मिश्नामध्ये ठरवून दिले. घरच्या कणकेतून चोविसावा भाग आणि विकण्यासाठी पाव भाजणाऱ्याच्या कणकेतून अठ्ठेचाळिसावा भाग. शेतकऱ्याने कोहेनला द्यायच्या धान्याचेही तसेच. सढळ हाताचा माणूस चाळिसावा भाग देई, मध्यम पन्नासावा आणि हात आखडणारा साठावा. वर्षाच्या दिवसांपैकी सातवा दिवस. उत्पन्नाचा दहावा भाग.

पोरांना फळ्यावर समजवावे तसे हे मांडून पाहिले म्हणजे ध्यानात येते की देवाचा वाटा नेहमी लहान आहे. चोवीस भागांतले तेवीस भाग तुझेच आहेत, ते तू सुखाने खा, मुलाबाळांना खाऊ घाल. मात्र तो एक भाग आधी काढ. चपात्या लाटून, भाजून, पोटभर खाऊन झाल्यावर परातीला चिकटून राहिलेली कणीक हाल्ला म्हणून काढली तर ती हाल्ला होत नाही. तीच कणीक, तेवढीच कणीक, पण तिला आता उरलेसुरले म्हणतात.

कोकणात आपले पूर्वज तांदळाची भाकरी खात, आणि तांदळाच्या पिठाला हाल्ला लागू नाही. गहू, सातू आदी पाच धान्यांनाच ती लागू आहे. इस्राएल देशात आल्यावर आपल्या परातीत गव्हाची कणीक आली आणि तिच्याबरोबर ही आज्ञाही आली. आज बेथ हामिक्दाश उभे नसल्याने तो लहानसा गोळा कोणी खात नाही, जाळून टाकतात. काही तरुण मंडळी विचारतात की जे जाळायचेच ते काढायचे कशाला? त्यांना मी सांगेन की तो गोळा काढताना आईचा हात क्षणभर थांबतो, आणि शेजारी उभे असलेले पोर ते पाहते. या कणकेवर आपल्याआधी कोणाचा तरी हक्क आहे, हा धडा त्या पोराला कोणत्याही पुस्तकातून इतका चांगला मिळणार नाही.

पहिल्या आणि उरलेल्या वाट्यातला फरक तोरेच्या अगदी आरंभी दाखवला आहे. काईन आणि हेवेल हे दोघे भाऊ देवाकडे अर्पण घेऊन आले. हेवेलने आपल्या कळपातील पहिले जन्मलेले आणि त्यांतलेही पुष्ट असे आणले, हे शास्त्र मुद्दाम सांगते. काईनाबद्दल एवढेच लिहिले आहे की त्याने जमिनीच्या पिकातून काही आणले. पहिले की शेवटचे, चांगले की हलके, याविषयी एक अक्षर नाही. आपल्या हाखामांनी या गप्प बसण्याचा अर्थ ओळखला आणि म्हटले की काईनने हलक्यातला माल आणला. काईन नास्तिक नव्हता. तोही देवासमोर आला होता, रिकाम्या हाताने आला नव्हता. पण त्याने आधी स्वतःचे पाहिले आणि मग देवाचे, आणि त्याच वृत्तीतून पुढे भावाचाही मत्सर त्याच्या मनात शिरला.

याउलट पहिल्या फळांची, म्हणजे बिक्कुरीमची, रीत किती सुंदर होती पाहा. मिश्नामध्ये वर्णन आहे की शेतकरी आपल्या शेतात उतरून पहिले अंजीर, पहिला द्राक्षाचा घोस, पहिले डाळिंब धरलेले पाही, तेव्हाच त्याला गवताची दोरी बांधून ठेवी आणि हे बिक्कुरीम असे म्हणे. फळ अजून पिकलेले नाही, हंगाम कसा जाईल ठाऊक नाही, पाऊस येईल की टोळधाड येईल कोणी सांगावे. पण देवाचा वाटा ठरून गेला. आपल्या आंब्याच्या कलमावर पहिली कैरी दिसली की आपले मन कसे हरखते ते आठवा, म्हणजे त्या दोरीची किंमत कळेल. पुढे गावोगावचे लोक टोपल्या घेऊन येरुशलाईमला जात. ते नगरात येत तेव्हा तिथले कारागीर हातातले काम थांबवून उभे राहत आणि त्यांची विचारपूस करीत. श्रीमंत लोक सोन्यारुप्याच्या टोपल्यांत फळे आणीत, गरीब लोक सोललेल्या काड्यांच्या टोपल्यांत. फळाला मात्र एकच मान होता, कारण दोघांनीही पहिले आणले होते.

कोणी म्हणेल, मास्तर, हे सारे भरल्या घराचे बोलणे झाले. ज्याच्याकडे आहे त्याने आधी द्यावे, ज्याच्याकडे नाही त्याने काय करावे? याचे उत्तर आपल्या लाडक्या एलियाहू हन्नाबीच्या कथेत आहे. ज्यांच्या नावाने आपण मलिदा करतो, कोकणात खंडाळ्याच्या खडकावर ज्यांच्या रथाच्या खुणा आपले वाडवडील श्रद्धेने दाखवीत आले, त्यांचीच ही कथा.

देशात दुष्काळ पडला होता. देवाच्या आज्ञेने एलियाहू सिदोन प्रांतातील सारफथ गावी गेले. गावाच्या वेशीजवळ एक विधवा काटक्या वेचीत होती. त्यांनी तिच्याजवळ पाणी मागितले आणि ती आणायला निघाली तशी भाकरीचा तुकडाही मागितला. तिने शपथेवर सांगितले की घरात मडक्यात मूठभर पीठ आणि सुरईत थोडे तेल तेवढे शिल्लक आहे. या काटक्या नेऊन तेवढे भाजायचे, आपण आणि मुलाने खायचे आणि मग मरणाची वाट पाहायची. अशा बाईला एलियाहूंनी काय सांगावे? त्यांनी सांगितले की भिऊ नकोस, ठरवल्याप्रमाणे कर, पण आधी त्यातून एक लहानशी भाकर मला करून आण आणि मग तुझ्यासाठी व मुलासाठी कर.

बंधुभगिनींनो, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो, म्हणून त्या 'आधी' या शब्दावर आपण अडखळत नाही. पण त्या आईच्या जागी उभे राहून पाहा. भुकेले पोर चुलीजवळ बसलेले. पीठ मूठभर. त्यातली पहिली भाकर एका परक्या माणसाला, केवळ त्याने देवाचे नाव घेतले म्हणून. ती आपल्या लोकांतलीही नव्हती, सिदोनची होती. तरी तिने तसे केले. आणि पुन्हा पाऊस पडेपर्यंत मडक्यातले पीठ सरले नाही, सुरईतले तेल आटले नाही.

यात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या घरात पिठाची पोती आली नाहीत. दुसऱ्या दिवशीही मडक्यात थोडेच पीठ होते, तिसऱ्या दिवशीही थोडेच. रोज सकाळी त्या बाईला पुन्हा मडक्यात हात घालावा लागत होता आणि रोज त्या दिवसापुरते मिळत होते. देवाला पहिला मान दिला की धंद्यात बरकत येते, मुलाला मोठी नोकरी लागते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. शास्त्र असे वचन देत नाही. त्या विधवेला श्रीमंती मिळाली नाही. तिची मरणाची वाट पाहणे संपले, आणि तिला रोजचा दिवस जगता आला. माझ्या मते हे काही कमी नाही.

आपल्या पूर्वजांनीही हाच धडा दुसऱ्या रीतीने गिरवला. कोकणात ते तेलाचे घाणे चालवीत. भोवतालच्या गावांत सोमवारी घाणा बंद ठेवणारे तेली होते, त्यांना सोमवार तेली म्हणत. आपले लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना शनिवार तेली हे नाव पडले. परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले तेव्हा सारे ग्रंथ समुद्रात गेले. पुढे पिढ्यान् पिढ्या त्यांच्याजवळ सेफेर तोरा नव्हता, शिकवायला हाखाम नव्हता. उरले होते ते थोडेसे: शाब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शमा इस्राएल. त्या थोड्यातून त्यांनी पहिला मान कशाला दिला हे त्यांच्या नावातच लिहिले गेले. हातावर पोट असलेल्या माणसाने आठवड्यातून एक दिवस घाणा थांबवायचा म्हणजे काय, हे ज्याने रोजंदारी केली त्यालाच कळेल. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू नसे, कारण दहा आज्ञांत बैलालाही शाब्बाथ दिलेला आहे. गावच्या लोकांना आपला धर्म कोणता हे ठाऊक नव्हते, आपल्या प्रार्थना त्यांना समजत नव्हत्या. त्यांना एवढेच कळत होते की या लोकांचा एक दिवस कोणाचा तरी राखून ठेवलेला आहे. पुढे इतर यहुदी बांधवांशी आपली ओळख पटली ती या अशा खुणांवरून.

इस्राएल देशात आल्यावर आपल्या वडीलधाऱ्यांना आपण पूर्ण यहुदी आहोत हे पुन्हा सांगावे लागले. त्यासाठी त्यांनी येरुशलाईममध्ये धरणे धरले, उन्हातान्हात बसले, आणि १९६४ साली बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत असे सरकारने जाहीर केले. हा हक्क त्यांनी कष्टाने मिळवला. पण हक्क मिळवणे एक आणि तो वापरणे दुसरे. रेवदंडा आणि पनवेलच्या बाजारात शनिवार पाळणे नुकसानीचे होते, तरी तो पाळला गेला. इथे शनिवारी सारा देश सुट्टीवर असतो, रस्त्यावरच्या बसगाड्या बहुतेक थांबलेल्या असतात, तरी आपल्यापैकी कित्येकांच्या घरी तो केवळ झोप काढण्याचा आणि आठवड्याची राहिलेली कामे उरकण्याचा दिवस झाला आहे. जे महाग होते तेव्हा आपण घेतले, आणि स्वस्त झाले तेव्हा टाकून द्यावे काय?

परत आलेल्या लोकांची ही अडचण जुनी आहे. बाबेलच्या बंदिवासातून आपले लोक येरुशलाईमला परतले, आणि काही वर्षांनी, इ.स.पू. ५२० मध्ये, हाग्गाय संदेष्ट्याला त्यांच्याशी बोलावे लागले. मंदिर बांधायची वेळ अजून आली नाही असे लोक म्हणत होते. स्वतः मात्र लाकडी तक्तपोशीच्या घरांत राहत होते. हाग्गायने त्यांना आपल्या वागणुकीचा विचार करायला सांगितले. पेरता पुष्कळ आणि घरात येते थोडे. खाता पण पोट भरत नाही. कपडे घालता पण ऊब येत नाही. आणि मजूर मजुरी मिळवतो ती जणू भोके पडलेल्या पिशवीत टाकतो.

ही भोके पडलेली पिशवी आपल्या ओळखीची आहे. दिमोना, लोद, अश्दोद, कुठेही जा, आपल्या माणसांनी पाळ्यांचे काम करून घरे उभी केली. आधी घराचे हप्ते, मग गाडी, मग मुलीचे लग्न, मग मुलाचे घर. यातले एकही वाईट नाही. संसारी माणसाला हे करावेच लागते. पण प्रत्येक वेळी आपण मनाशी म्हणत आलो की एवढे उरकले की देवाकडे लक्ष देऊ. आता उरकता उरकता केस पिकले. हाग्गायची गोष्ट मात्र निराशेने संपत नाही. लोकांनी ऐकले. संदेश आला एलूल महिन्याच्या पहिल्या तारखेला आणि काम सुरू झाले त्याच महिन्याच्या चोविसाव्या तारखेला, म्हणजे अवघ्या तेवीस दिवसांनी. कित्येक वर्षांचे राहिलेले काम हाती घ्यायला एक महिनाही लागला नाही. वय झाले, आता काय बदलायचे, असे म्हणणाऱ्यांनी हे तेवीस दिवस लक्षात ठेवावेत.

इथे एका गैरसमजाबद्दल बोलले पाहिजे. देव आधी, याचा अर्थ माणूस शेवटी, असा काही जण घेतात. तेफिल्लेसाठी घाई आहे म्हणून आजारी बायकोला पाणी न देणारा आणि सिनेगॉगमध्ये पहिल्या बाकावर बसून शेजाऱ्याशी न बोलणारा माणूस देवाला पहिला मान देत नाही, स्वतःलाच देतो. उत्पत्तीच्या १८व्या अध्यायात देवाने आब्राहामाला दर्शन दिले, आणि तेवढ्यात तीन वाटसरू दिसले, तेव्हा आब्राहाम उन्हात धावत त्यांच्याकडे गेला. यावरून हाखामांनी शिकवले की पाहुण्याचे स्वागत हे देवाच्या दर्शनापेक्षाही मोठे. जीव धोक्यात असेल तर शाब्बाथ बाजूला ठेवावा, असा धर्माचाच नियम आहे. तेव्हा इस्पितळात शनिवारी रुग्णाची सेवा करणारी आपली मुलगी किंवा सून देवाला मागे टाकत नाही. नवराबायकोत शांतता व्हावी म्हणून देवाने आपले पवित्र नावही पाण्यात धुऊन टाकू दिले, असे गणना पुस्तकातील नियमावरून आपल्याला कळते. आणि ज्या शमाचा आपण रोज उच्चार करतो त्याच्या दुसऱ्या भागात आधी गुरांसाठी कुरणातल्या गवताचे वचन आहे आणि मग आपल्या पोट भरण्याचे. त्यावरून हाखामांनी नियम केला की मुक्या जनावराला खाऊ घातल्याशिवाय आपण जेवू नये. अशा रीतीने देवाला पहिला मान दिला की देव लगेच आपल्याला पाहुण्याकडे, आजाऱ्याकडे, गोठ्याकडे पाठवतो. आपण स्वतः तेवढे एक पायरी खाली येतो.

आता करायचे काय? मोठमोठे संकल्प टिकत नाहीत, हे शिक्षकाला पक्के ठाऊक असते. म्हणून चार लहान गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट सकाळची. डोळे उघडताच मोदे आनी म्हणावे. आपला जीव परत दिल्याबद्दल देवाचे आभार मानणारी ही प्रार्थना एका श्वासात होते. तीत देवाचे पवित्र नाव नाही, म्हणून हात धुण्यापूर्वीही ती म्हणता येते. व्याकरणाच्या मास्तरांनी लक्ष द्यावे असे तिचे पहिले दोन शब्द आहेत. 'मोदे' म्हणजे आभार मानतो आणि 'आनी' म्हणजे मी. आभार आधी, मी नंतर. दिवसाचा क्रम तिथेच लागला. मोबाइल उशाशी असेल तर असू द्या, पण त्याला हात लावण्याआधी एवढे म्हणा. सकाळची तेफिल्ला होण्यापूर्वी स्वतःच्या कामाला लागू नये असे हाखामांनी सांगितले आहे. ज्याला तेवढे जमत नाही त्याने निदान या एका श्वासापासून सुरुवात करावी.

दुसरी गोष्ट ताटाची. मलिद्याच्या वेळी आपण काय करतो? पोहे, खोबरे, फळे समोर मांडलेली असतात, मुले टक लावून पाहत असतात, पण बेराखा झाल्याशिवाय कोणी हात लावत नाही. जे नवसाच्या दिवशी जमते ते मंगळवारी दुपारी एकट्याने जेवतानाही जमेल. घास उचलण्याआधी बेराखा म्हणा.

तिसरी गोष्ट शुक्रवारची. संध्याकाळी दिवा लावण्याची वेळ आधी ठरवा आणि बाकीची कामे तिच्यामागे लावा. आपल्या आजींकडे घड्याळ नव्हते, तरी पेल्यात पाण्यावर तेल घालून वात तयार असे आणि काळ्या मनुकांचे सरबत किद्दुशसाठी झाकून ठेवलेले असे. आज कामाच्या पाळीमुळे कोणाला पूर्ण शाब्बाथ पाळता येत नसेल, त्याने दिवा आणि किद्दुश तरी सोडू नये. शिल्लक राहिलेल्या पिठातूनच त्या विधवेने सुरुवात केली होती.

चौथी गोष्ट पैशाची. पगार किंवा पेन्शन हाती आली की दानाचा भाग आधी बाजूला काढा, लहान का असेना. महिन्याच्या शेवटी काढू म्हणणाऱ्याच्या खिशात महिन्याच्या शेवटी काय असते ते सर्वांना ठाऊक आहे.

काही वडील मंडळी, विशेषतः आपल्या आजीबाई, संकोचाने म्हणतात की आम्हांला हिब्रू नीट वाचता येत नाही, मग आम्ही काय प्रार्थना करणार? त्यांना मिश्नाचा आधार आहे. शमा, तेफिल्ला आणि जेवणानंतरची प्रार्थना कोणत्याही भाषेत म्हटली तरी चालते असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हाग्गादा छापली गेली. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी कितीतरी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. ते शिक्षक होते, आणि हे काम त्यांनी आपल्यासारख्या लोकांसाठीच केले. त्या पुस्तकांची पाने पिवळी पडली असतील, पण देवाला मराठी कळते यात शंका नाही.

आपली नातवंडे मराठी बोलत नाहीत, काहींना ती समजतही नाही. 'आजी', 'चपाती' आणि 'मलिदा' एवढे शब्द त्यांच्या तोंडी राहिले तरी नशीब. याचे दुःख आपल्या मनात आहे, आणि ते खोटे नाही. पण जिथे ग्रंथ बुडाले तिथेही आपल्या पूर्वजांनी एक गोष्ट बुडू दिली नाही, ती म्हणजे क्रम. सहा दिवस घाणा, सातवा दिवस देवाचा. भाषा पुढे जाईल की नाही हे आपल्या हाती नाही. मात्र आजी आधी दिवा लावत असे आणि मग टीव्ही लावत असे, आजोबा आधी बेराखा म्हणत आणि मग घास घेत, हे नातवंडांच्या डोळ्यांना दिसले तर ते कोणत्याही भाषेत त्यांच्याबरोबर जाईल.

तेव्हा आज रात्री झोपण्यापूर्वी ती यादी एकदा कागदावर लिहून पाहा. एकही काम कमी करू नका, फक्त पहिला नंबर ज्याचा त्याला द्या आणि बाकीचे एकेक नंबराने खाली सरकवा. सारफथच्या त्या माउलीच्या मडक्यात ज्याने पीठ राखले, तो परमेश्वर आपल्या सर्वांच्या घरांत रोजची भाकर, आरोग्य आणि शांतता राखो, आणि ज्यांची मुले सीमेवर आहेत त्यांना ती सुखरूप घरी आलेली दाखवो. आमेन.